न्ग्लांगेरान: गर्दी स्वतःहून कमी करणारे गाव

२०१३ साली इंडोनेशियातल्या न्ग्लांगेरान या गावात सुमारे ८५ हजार पाहुणे आले आणि २०१४ साली सव्वातीन लाख. गावची लोकसंख्या जेमतेम अडीच हजार, म्हणजे वर्षभरात एका गावकऱ्यामागे एकशे तीस पाहुणे. एखाद्या पर्यटन खात्याने हा आकडा फलकावर रंगवून चौकात लावला असता. या गावाने मात्र तिकीट महाग केले. २०१६ पर्यंत पाहुणे पावणेदोन लाखांच्या आत आले, आणि पर्यटनाचा गल्ला सुमारे १४२ कोटी रुपियावरून १८० कोटी रुपियावर गेला.

हे रुपिया इंडोनेशियाचे आहेत, हे आधीच सांगितलेले बरे. त्या वेळच्या दराने हा गल्ला ७० ते ७५ लाखांवरून ९० लाख रुपयांच्या आसपास गेला असे धरा. रक्कम डोळे दिपवणारी नाही. खरी मेख माणशी उत्पन्नात आहे. २०१४ मध्ये एका पाहुण्यामागे गावाला साधारण ४,४०० रुपिया मिळत होते, २०१६ मध्ये १०,४००. दोन वर्षांत जवळजवळ अडीचपट, तेही निम्म्या पायपिटीत, निम्म्या कचऱ्यात. न्ग्लांगेरानला जाऊ पाहणाऱ्याने आणि तिथे पैसा घालू पाहणाऱ्यानेही आधी हे गणित समजून घ्यावे. गावात पाहण्यासारखे काय आहे, ते त्यानंतर.

(उच्चाराचे थोडे अवघड आहे. सुरुवातीचा 'न्ग' म्हणजे आपला 'ङ'. शाळेत बाराखडीत म्हटला आणि नंतर कधी वापरला नाही, तोच.)

गाव जावा बेटाच्या दक्षिण भागात, योग्याकार्ता शहरापासून साधारण २५ किलोमीटरवर आहे. जिल्हा गुनुंगकिदुल, तालुका पाटुक. क्षेत्र ७६० हेक्टरच्या आसपास आणि पाच वाड्या. गुनुंगकिदुल हे नाव घेतले की जावाच्या माणसाला दुष्काळ आठवतो. जिल्ह्याच्या दक्षिणेला चुनखडीचे डोंगर आहेत. तिथे पाऊस पडतो आणि जमिनीत गडप होतो. तरुण पोरे शहराकडे जातात आणि सणाला परततात. न्ग्लांगेरान त्याच जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, बातुर आगुंग डोंगररांगेत. इथला खडक चुनखडीचा नाही, ज्वालामुखीचा आहे. डोंगराचे अधिकृत नाव 'गुनुंग आपी पुर्बा'. गुनुंग म्हणजे डोंगर, आपी म्हणजे आग, आणि पुर्बा म्हणजे आपलेच 'पूर्व', म्हणजे प्राचीन.

किती प्राचीन? पर्यटकांना सांगितले जाते सहा-सात कोटी वर्षे. भूगर्भशास्त्राच्या नकाशांत मात्र न्ग्लांगेरानचा खडकथर मायोसीन काळाच्या आरंभी धरतात, म्हणजे दोन कोटी वर्षांच्या आसपास. मोठा आकडा ऐकायला बरा वाटतो, म्हणून तो टिकून राहिला असावा. डोंगर दोन कोटींचा असला तरी त्याचे महत्त्व कमी होत नाही. २०१५ पासून तो गुनुंग सेवू या युनेस्को ग्लोबल जिओपार्कमधले, म्हणजे भूरचनेसाठी जपलेल्या प्रदेशातले, एक ठिकाण आहे. लाव्हा आणि खडकांच्या तुकड्यांनी बनलेले काळपट सुळके शेतातून एकदम उभे राहतात. सर्वांत उंच भाग समुद्रसपाटीपासून साधारण ७०० मीटरवर.

नावामागे एक गोष्ट आहे. गावकऱ्यांनी सावल्यांच्या बाहुल्यांचा खेळ, म्हणजे वायांग ठेवला होता. कुणीतरी दलांगची, म्हणजे खेळ चालवणाऱ्याची, एक बाहुली मोडली. दलांग संतापला, शाप दिला आणि माणसांच्याच बाहुल्या होऊन त्या डोंगरावर फेकल्या गेल्या. 'न्ग्लांगार' म्हणजे नियम मोडणे, मर्यादा ओलांडणे. त्यावरून गावाचे नाव. वायांगच्या पडद्यावर अर्जुन आणि भीमच असतात, त्यामुळे मराठी माणसाला ही गोष्ट फारशी परकी वाटू नये.

आता मूळ प्रकरण. नव्वदच्या दशकात हा डोंगर बोडका होता. लाकूड तोडले जात होते, घरांसाठी दगड फोडला जात होता. १९९९ च्या सुमारास गावातल्या तरुण मंडळाने तिथे झाडे लावायला सुरुवात केली. इंडोनेशियात प्रत्येक गावात असे मंडळ असते, त्याला 'कारांग तारुना' म्हणतात. यातला 'तारुना' कुठून आला, ते सांगायला नको. पर्यटन हे तेव्हा कुणाच्या मनात नव्हते. डोंगर उघडा पडला की खालच्या वाड्यांचे पाणी आटते आणि पावसात माती खाली येते, एवढाच हिशेब. ४८ हेक्टरचा हा पट्टा हळूहळू हिरवा झाला, मग कॉलेजची पोरे चढायला येऊ लागली, मग तिकीट आले. २००६ च्या मे महिन्यातल्या योग्याकार्ताच्या मोठ्या भूकंपानंतर, २००७ च्या पुढे, पर्यटनाला रीतसर रूप येऊ लागले. कारभार 'पोकदारविस'कडे, म्हणजे गावाच्या पर्यटन गटाकडे आला. या मंडळींची बैठक मंगळवार आणि 'क्लिवोन' एकत्र येतात त्या रात्री भरते. जावाच्या पंचांगात सात वारांबरोबर पाच दिवसांचेही एक चक्र चालते, क्लिवोन हा त्यातला एक दिवस, त्यामुळे ही रात्र दर ३५ दिवसांनी येते. महिन्याच्या पहिल्या शनिवारी बैठक आहे हे विसरणारे मी पुष्कळ पाहिले. मंगळवार-क्लिवोन कुणी विसरत नाही, कारण ती रात्र अशीही साऱ्यांच्या ध्यानात असते.

मग २०१३ ला 'एम्बुंग' झाले. एम्बुंग म्हणजे सरळ शेततळे: डोंगराचा माथा सपाट करून खणलेले, तळाला प्लॅस्टिकचे अस्तर घातलेले, पावसाचे पाणी साठवणारे. महाराष्ट्रात असली हजारो तळी आहेत. न्ग्लांगेरानचे एम्बुंग एका हेक्टरच्या तिसऱ्या हिश्शाएवढे, आणि ते बांधले खाली लावलेल्या २० हेक्टर ड्युरियन आणि लोंगन फळबागेला उन्हाळी पाणी मिळावे म्हणून. (लोंगन म्हणजे लिचीची धाकटी बहीण. ड्युरियनबद्दल न बोललेले बरे, वास आधी येतो आणि फळ नंतर.) उद्घाटन योग्याकार्ताचे सुलतान आणि गव्हर्नर हामेंगकुबुवोनो दहावे यांच्या हस्ते झाले.

तळे उंचावर, काठावरून समोर ज्वालामुखीचे सुळके, संध्याकाळी पाण्यात तांबडे आकाश. नेमके त्याच सुमारास साऱ्यांच्या हातात कॅमेऱ्याचे फोन आले. झाडांसाठी बांधलेले तळे फोटोसाठी प्रसिद्ध झाले आणि ८५ हजारांचे सव्वातीन लाख झाले.

गर्दीने काय केले, याची कल्पना आपल्याकडच्या कुठल्याही गडावर पावसाळ्यातल्या रविवारी जाऊन आलेल्या माणसाला लगेच येईल. पायवाटा खचल्या, कचरा साचला, दगडांवर नावे कोरली गेली, गाड्या लावायला जागा उरली नाही. दिवसभराचा पाहुणा तिकीट काढतो, तळ्याकाठी फोटो काढतो, शेंगदाण्यांची पुडी घेतो आणि योग्याकार्ताला जेवायला परत जातो. त्याचा खरा खर्च शहरात होतो, आणि गावाच्या वाट्याला झाडू येतो.

गावाने दोन गोष्टी केल्या. एक, तिकीट टप्प्याटप्प्याने वाढवले. देशी पाहुण्याला ते १५,००० रुपियापर्यंत गेले, म्हणजे आपले ऐंशी रुपयांच्या आसपास. परदेशी पाहुण्याला त्याहून जास्त. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची: विक्रीचे एकक बदलले. आधी गाव प्रवेश विकत होते, आता राहणे विकू लागले. शाळा-कॉलेजांचे आणि सरकारी कार्यालयांचे गट दोन-तीन दिवसांसाठी येतात, गावकऱ्यांच्या घरांत राहतात, भातलावणी करतात, गामेलान, म्हणजे जावाचा पारंपरिक वाद्यवृंद, वाजवायला शिकतात, कोकोच्या शेंगा फोडतात. घरगुती मुक्कामाच्या अशा खोल्या सुमारे ८० घरांत आहेत. हॉटेल नाही. घरमालकीण जे रांधते ते पाहुणा खातो. जेवण, मुक्काम, वाटाड्या, शिकवणी, सगळ्याचे पैसे वेगवेगळ्या घरांत जातात. डोंगरावर न चढणाऱ्या आजीबाईच्या घरातही.

एक शंका रास्त आहे: पाहुणे कमी झाले ते तिकिटामुळेच की इतरत्र नवी ठिकाणे निघाली म्हणून? २०१४ नंतर योग्याकार्ताभोवती फोटोसाठीच्या टेकड्या, झाडांवरचे मचाण, फुलांच्या बागा यांची लाटच आली. काही पाहुणे तिकडे वळले असणारच. माझ्या मते, गावाचे श्रेय मुळात वेगळ्या ठिकाणी आहे. आकडा घसरू लागल्यावर त्यांनी घाबरून तिकीट स्वस्त केले नाही. बहुतेक ठिकाणी नेमके तेच होते, आणि मग उतार थांबत नाही.

पर्यटनाखेरीज गावाचे दुसरे अंग म्हणजे कोको आणि शेळ्या. पाटुकच्या उतारावर कोकोची झाडे जुनी आहेत, पण बिया वाळवून व्यापाऱ्याला किलोवर विकणे एवढाच व्यवहार होता. २०१६ मध्ये गावात 'ग्रिया चोकलात', म्हणजे चॉकलेटघर, सुरू झाले. शेतीखात्याचा कृषितंत्रज्ञान प्रकल्पही याच सुमारास आला. आंबवणे, भाजणे, दळणे गावातच होऊ लागले आणि कोकोची पूड, चॉकलेटचा हलवा, दुधात घालायचे तयार मिश्रण गावच्याच नावाने विकले जाऊ लागले. दूध शेळीचे, आणि शेळी मूळची आपली! तिथे तिला 'पेरानाकान एतावा' म्हणतात. पेरानाकान म्हणजे संकरित, आणि एतावा म्हणजे उत्तर प्रदेशातले इटावा. डच राजवटीत तिथल्या जमनापारी शेळ्या जावात नेल्या, देशी शेळ्यांशी संकर केला आणि नाव गावाचेच राहिले. लांब लोंबते कान पाहिले की ओळख पटते. न्ग्लांगेरानमध्ये तिच्या दुधाची पूड करून विकतात.

यात दिसते ते असे: पर्यटक गावात आला नाही तरी चॉकलेट आणि दूधपूड शहरात जाऊ शकते. मार्च २०२० मध्ये महामारीने सगळी पर्यटनस्थळे बंद पडली, तेव्हा केवळ तिकिटावर जगणाऱ्या ठिकाणांचे हाल झाले. न्ग्लांगेरानच्या लोकांनी शेत आणि शेळ्या कधी सोडल्याच नव्हत्या. पुढच्याच वर्षी, २०२१ मध्ये, संयुक्त राष्ट्रांच्या जागतिक पर्यटन संघटनेने जगातली उत्तम पर्यटन गावे निवडली, त्यात न्ग्लांगेरान होते. त्याच पहिल्या यादीत भारतातले एक गाव होते, तेलंगणातले पोचमपल्ली. तिथेही पाहुणा येतो ते लोक आधीपासून करत असलेल्या कामासाठी, हातमागासाठी.

आता पैसा घालू पाहणाऱ्यासाठी. जरा सविस्तर सांगतो, कारण इंडोनेशियातल्या 'स्वस्त जमिनी'च्या जाहिराती मराठी मंडळींच्या फोनवरही येऊ लागल्या आहेत.

पहिली गोष्ट: १९६० च्या जमीन कायद्यानुसार इंडोनेशियात पूर्ण मालकीहक्क फक्त त्या देशाच्या नागरिकाला मिळतो. परदेशी माणसाला नाही. स्थानिक माणसाच्या नावावर घेऊन बाजूला खासगी करार करायचा, हा बालीतला लोकप्रिय मार्ग कायद्यात बसत नाही. वाद झाला की जमीन त्या स्थानिक माणसाची. परदेशी भांडवलाची कंपनी काढली तर ठरावीक मुदतीचा बांधकामाचा हक्क मिळू शकतो, पण अशा कंपनीच्या गुंतवणुकीची किमान मर्यादा जमीन आणि इमारत सोडून १,००० कोटी रुपियाच्या वर आहे. आजच्या दराने पाच कोटी रुपयांपेक्षा जास्त. वरचा गल्ला आठवा: १८० कोटी. गावाच्या पर्यटनाच्या एका चांगल्या वर्षाच्या साडेपाचपट पैसा एकट्याने आणायचा! एवढे भांडवल पचवायचे तर गावाला पुन्हा सव्वातीन लाख माणसे लागतील, किंवा त्याहून जास्त. म्हणजे इथे मोठी गुंतवणूक म्हटली की गर्दी कमी करण्याचा निर्णय आपोआप उलटा फिरतो.

दुसरी गोष्ट योग्याकार्ताची खास आहे. हा प्रांत आजही सुलतानाचा. २०१२ च्या विशेष कायद्याने सुलतानीला जमीन धारण करणारी संस्था म्हणून मान्यता दिली. प्रांतातली पुष्कळशी जमीन 'सुलतान ग्राउंड', म्हणजे सुलतानीच्या मालकीची, आहे, आणि गावाच्या सामायिक जमिनीचे मूळही सुलतानीकडे जाते. ती वापरायची तर राजवाड्याचे अनुमतीपत्र लागते आणि वापर त्यात लिहिल्याप्रमाणेच करावा लागतो. २०२३ मध्ये शेजारच्या स्लेमन जिल्ह्यात गावच्या सामायिक जमिनीवर घरे बांधून विकल्याचे प्रकरण कोर्टात गेले आणि त्यात शिक्षा झाल्या. ज्यांनी घरांसाठी पैसे मोजले होते त्यांच्या हाती काय राहिले असेल, याचा अंदाज करावा. न्ग्लांगेरानमध्ये कुणी डोंगर दिसणारा तुकडा दाखवला, तर पहिला प्रश्न किमतीचा नको. जमीन कोणाची, हा हवा, आणि उत्तर विक्रेत्याकडून नव्हे, 'लुराह'कडून, म्हणजे गावप्रमुखाकडून घ्यावे. (देशात इतरत्र गावाला 'देसा' म्हणतात. या प्रांतात २०२० पासून 'कालुराहान' हे जुने नाव परत आले आहे. कागदांवर दोन्ही दिसतात, गोंधळू नये.)

मग बाहेरच्या माणसाला करण्यासारखे काय? तीन गोष्टी मला पटतात. माल विकत घ्यावा: कोकोपूड आणि दूधपूड यांना मुख्य अडचण बाजाराची असते, आगाऊ नोंदवलेली खरेदी गावाला नव्या इमारतीपेक्षा उपयोगी. पाहुण्यांचे गट आणावेत, पण गर्दीच्या सुट्टीत नव्हे, सोमवार ते गुरुवार, जेव्हा खोल्या रिकाम्या असतात. आणि ज्याला यंत्रे कळतात त्याने वाळवण, वेष्टन, शीतसाखळी यांत गावाच्या संस्थेबरोबर भागीदारीचे बोलावे. परतावा हळू येईल. ज्याला तो झटपट हवा असेल त्याच्यासाठी पाटुकच्याच टेकड्यांवर रस्त्यालगत खासगी नमुना उभा आहे: २०१९ मध्ये सुरू झालेले 'हेहा स्काय व्ह्यू', म्हणजे रेस्टॉरंट, फोटोचे मंच, खाली योग्याकार्ताचे दिवे. तो धंदाही प्रामाणिक आहे. फक्त त्याचा आणि गावाचा हिशेब वेगळा. त्याला गर्दी हवीच असते.

मला स्वतःला धोका तिथूनच दिसतो, परदेशी भांडवलदाराकडून नाही. पाहुण्याची संध्याकाळ एकच असते. ती रस्त्यावरच्या झगमगाटात गेली की वर गावात मुक्कामाला कोण येणार? शिवाय ज्या पिढीने झाडे लावली ती आता पन्नाशीकडे झुकली आहे. तिकिटाच्या खिडकीवर बसलेल्या आजच्या पोराने बोडका डोंगर पाहिलेलाच नाही.

जायचे असेल तर जून ते सप्टेंबर. पावसाळा ऑक्टोबरच्या पुढे सुरू होतो आणि मार्च-एप्रिलपर्यंत चालतो, तेव्हा खडक निसरडे असतात. भारतीय पासपोर्टला विमानतळावर किंवा ऑनलाइन ३० दिवसांचा व्हिसा ५ लाख रुपियाला मिळतो. जकार्ताहून योग्याकार्ताला रेल्वेने सहा-सात तास, पुढे वोनोसारी रस्त्याने घाट चढून तासभर. नवा विमानतळ शहराच्या पश्चिमेला लांब आहे, तिथून थेट गावात जायचे तर अर्धा दिवस त्यातच मोडतो. चढाईला तास-दीड तास. मध्ये दोन कड्यांच्या फटीतून जायची अरुंद वाट आहे. पाठीवर मोठी पिशवी असेल तर ती काढून हातात घ्यावी लागते. काही ठिकाणी दोर आणि लाकडी शिड्या. पहाटे वर पोचलात आणि आकाश स्वच्छ असेल तर उत्तरेला मेरापी दिसतो, जिवंत ज्वालामुखी, धूर सोडणारा. शाकाहारी मंडळींनी मुक्काम ठरवतानाच सांगावे. टोफू आणि टेंपे, दोन्ही सोयाबीनचे, घरोघरी असतात, पण तिखट चटणीत बहुधा कोळंबीचा खर्डा असतो.

डोंगराच्या पूर्व अंगाला 'कांपुंग पितू' नावाची वस्ती आहे. पितू म्हणजे सात. तिथे सातच कुटुंबे राहतात, पिढ्यानपिढ्या सात. पूर्वी तिथल्या एका झाडात दैवी वस्तू सापडली, तिची राखण करणाऱ्याला राजवाड्याने जमीन दिली, आणि त्याच्या वंशातली सातच घरे तिथे टिकतात अशी समजूत आहे. आठवे घर झाले तर अनिष्ट घडते. मुलाचे लग्न झाले की त्याने आईबापाच्याच चुलीवर राहायचे किंवा खाली उतरून वेगळे घर करायचे. जागा रिकामी झाली तरच परत यायचे. या वस्तीत वायांगचा खेळ लावत नाहीत. पाहुण्याने जावे, चहा मिळाला तर घ्यावा, आणि अंधार पडायच्या आत खाली यावे.